आतड्याला विश्रांती: इंटरमिटंट फास्टिंग आणि आयबीडीची पार्श्वभूमी

आयबीडी म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारे आजार: पचनमार्गात कुठेही होणारा क्रोन्स आणि मोठ्या आतड्यात होणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस. ते असलेल्यांनी रोज १६ तास पोट रिकामे ठेवून उरलेल्या ८ तासांतच जेवावे का (इंटरमिटंट फास्टिंगचा १६:८ प्रकार), हा प्रश्न आज नवा वाटतो. उपवासाने पोट बरे होते ही समजूत फार जुनी. रुग्णालयांनी मात्र चाळीसएक वर्षांपूर्वी ती आजच्या १६:८ पेक्षा कितीतरी कडक रूपात तपासली होती.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस शिरेतून संपूर्ण पोषण देण्याचे तंत्र आले आणि तोंडावाटे घासही न देता रुग्णाला आठवडेच्या आठवडे जगवता येऊ लागले. मोडलेले हाड हलवत नाहीत, तसे सुजलेल्या आतड्याला अन्नापासून दूर ठेवायचे, हा विचार मग वॉर्डांत पटकन रुजला. पटण्याजोगाच होता तो. पण १९८० आणि १९८६ च्या तुलनात्मक चाचण्यांत तीव्र कोलायटिसच्या रुग्णांना अशा विश्रांतीचा फायदा दिसला नाही. १९८८ च्या अभ्यासात क्रोन्सचे ५१ रुग्ण तीन गटांत विभागले: एकाचे तोंड पूर्ण बंद आणि सगळे पोषण शिरेतून, दुसऱ्याला नळीने फॉर्म्युला (तयार द्रव आहार), तिसऱ्याला थोडे शिरेतून आणि बाकी चक्क जेवण. २१ दिवसांनी रोग शमलेले अनुक्रमे ७१, ५८ आणि ६० टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही. वर्षभराने आकडे होते ४२, ५५ आणि ५६. उपाशी गट मागेच पडला होता.

शिवाय १९८१ मध्ये दिसले होते की, शस्त्रक्रियेने मलप्रवाह वळवला की मोठ्या आतड्याचा वापराबाहेर गेलेला भाग स्वतःच सुजू शकतो. तिथल्या पेशींचे मुख्य इंधन म्हणजे जिवाणूंनी तंतूंपासून बनवलेले ब्युटिरेट. प्रवाह तुटला की तेही तुटते. क्रोन्समध्ये मात्र प्रवाह वळवल्याने अनेकदा आराम पडतो. दोन्ही आजारांना एकच उपवास लावणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

लहान मुलांच्या क्रोन्समध्ये सहा ते आठ आठवडे केवळ फॉर्म्युलावर ठेवण्याचा उपचार टिकला. उपवासाचे समर्थक त्याचा दाखला देतात, पण तिथे नेहमीचे अन्न थांबते, कॅलरी पूर्ण मिळतात.

उपवासाची आताची लाट आली ती पेशींच्या अभ्यासातून. २००७ मध्ये पेशींच्या स्वच्छतेशी, म्हणजे ऑटोफॅजीशी, निगडित जनुकाचा क्रोन्सशी संबंध सापडला. २०१६ चे वैद्यकाचे नोबेल ऑटोफॅजीच्याच संशोधनाला मिळाले. २०१९ मध्ये कोलायटिस घडवलेल्या उंदरांत उपवासासारख्या (अगदी कमी कॅलरींच्या) आहाराच्या आवर्तनांनी सूज उतरली. गंमत म्हणजे निव्वळ पाण्यावरच्या उपवासाने तेवढे साधले नाही. बातम्यांत ही ओळ सहसा गळते.

माणसांबाबतचे जुने पुरावे मुख्यतः रमजानच्या रोजांचे, आणि रोजा पाण्याविना असतो, ही अडचण आहेच. २०२२ च्या एका छोट्या अभ्यासात सूज मोजणाऱ्या दोन तपासण्यांमध्ये, म्हणजे सीआरपी (रक्तातील) आणि कॅलप्रोटेक्टिन (शौचातील) यांत, लक्षणीय बदल झाला नाही, पण अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांचा लक्षणांचा स्कोअर वाढला, म्हणजे त्रास वाढला. क्रोन्सवाल्यांचा तसा वाढला नाही.