पाखरांसाठी झाड सजवताना

कडाक्याच्या थंडीत चिमणीएवढा पक्षी नुसतं ऊबदार राहायला एका रात्रीत वजनाच्या दहाव्या भागापर्यंत चरबी जाळतो. सकाळी ती भरून काढायची तर किडे नाहीत, दिवसही लहान. एक ग्रॅम चरबीतून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टमय पदार्थांतून ४. म्हणून मुलांनी अंगणातलं झाड सजवायला घेतलं, की पहिला मान चरबीच्या गोळ्याचा.

त्यासाठी पाइनचा सुका शंकू उत्तम. तो ओला असला की खवले मिटलेले असतात, कारण खवल्याच्या बाहेरच्या बाजूचा थर पाणी पिऊन आतल्यापेक्षा जास्त फुगतो. ऊबदार, कोरड्या जागी दोन-तीन दिवस ठेवला की तो आपोआप उमलतो. दोरी आधीच बांधा. हात चरबीने माखल्यावर गाठ बसत नाही. १०० ग्रॅम घट्ट, बिनमिठाची चरबी मोठ्या माणसाने मंद आचेवर वितळवावी, त्यात सूर्यफुलाच्या बिया, ओट आणि भरडलेले शेंगदाणे मिळून २०० ग्रॅम घालावेत. मिश्रण निवून घट्टसर झालं, की मुलांनी ते बोटांनी खवल्यांच्या फटींत दाबून भरायचं. गरमच भरलं तर सगळं खाली ओघळतं. भाजलेल्या मांसातून सुटलेली चरबी मात्र वापरू नका: तिच्यात मीठ असतं, शिवाय ती मऊ राहून पिसांना चिकटते आणि चिकटलेली पिसं ऊब धरत नाहीत.

शेंगदाणे खवट किंवा बुरशी लागलेले नकोत. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्यांच्या जिवावर उठतं.

पॉपकॉर्नची माळ करायची तर ते बिनमिठाचे, बिनलोण्याचे आणि एक दिवस शिळे घ्या. ताजे सुई टोचताच फुटतात. सफरचंद-संत्र्याच्या चकत्या अर्धा सेंटीमीटर जाड. बेदाणे टाळा, खाली पडले तर कुत्र्यांना विषारी ठरतात.

सगळ्यात जास्त चुका दोऱ्यात होतात. नायलॉन, मासेमारीचा धागा, प्लॅस्टिकची जाळी यांत पाय अडकला की पक्षी सुटत नाही. सुती धागा किंवा सुतळी घ्या, माळा हातभरच ठेवा, सैल फासे सोडू नका.

झाडही पारखून निवडावं. मांजर दबा धरेल असं झुडूप बुंध्यापासून दोन-तीन मीटर तरी लांब हवं. खिडकी एक मीटरच्या आत असली तर पक्ष्याला वेग घ्यायला जागा नसते, दहा मीटरच्या पलीकडे असली तरी चालेल. मधलं अंतर घातक, पक्षी वेगाने काचेवर आदळतो.

एका दिवसात संपेल एवढंच टांगा. भिजलेलं, काळं पडलेलं लगेच काढा, बुंध्याखालचा चुरा संध्याकाळी झाडा, नाहीतर रात्री उंदीर येतात. पहिले काही दिवस कोणीच फिरकलं नाही तरी जागा बदलू नका. पाखरं आधी लांबून पाहतात.