मुख्याध्यापकांची सही म्हणजे संमती नव्हे

‘मुख्याध्यापक हो म्हणाले, की झालं’ हा समज शाळेतल्या मुलांवर अभ्यास करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांत वर्षानुवर्षं मुरलाय. ती परवानगी फक्त शाळेत शिरण्याची. आरोग्यविषयक अभ्यासासाठी आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) 2017ची मार्गदर्शक तत्त्वं पालकांची संमती मागतातच. शिवाय 7 ते 12 वयाच्या मुलाचा तोंडी होकार, त्यापुढे 18पर्यंत लेखी.

खरी गोची मुलाच्या दप्तरात होते. पालकांच्या संमतीचा फॉर्म तळाशी चुरगळतो, आणि न आलेला फॉर्म सरसकट ‘हो’ धरला जातो. तसं चालत नाही. पालकसभेत फॉर्म समजावून द्या, आठवड्याने आठवण करा. पेन्सिल-खोडरबर द्यायचं तर फॉर्म परत आणणाऱ्या प्रत्येकाला, उत्तर ‘नाही’ असलं तरी. फक्त ‘हो’वाल्यांना दिलं की ते आमिषच. पालकांना प्रवासखर्च, बुडालेला रोज जरूर द्यावा; रक्कम मात्र नैतिकता समितीकडून (संशोधन नैतिक आहे का हे तपासणारी समिती) आधी मंजूर हवी.