पार्श्वभूमी : अ‍ॅनॅटॉमी आणि फार्मॅकची उजळणी आली कुठून?

एमबीबीएसचा विद्यार्थी अ‍ॅनॅटॉमी म्हणजे शरीररचना पहिल्या वर्षी शिकतो आणि फार्मॅकॉलॉजी (बोलीत फार्मॅक) म्हणजे औषधशास्त्र दुसऱ्या. दोन्हींची खरी गरज पडते ती शेवटच्या वर्षी वॉर्डात, मग इंटर्नशिपमध्ये आणि नंतर पदव्युत्तर प्रवेशाच्या नीट-पीजी परीक्षेच्या 200 प्रश्नांत. तोवर हाताच्या चेतांचं जाळं, ब्रॅकियल प्लेक्सस, पुसट झालेलं असतं आणि रक्तदाबावरच्या बीटा ब्लॉकर औषधांची यादी निम्मी विसरलेली असते. म्हणून पुण्यातल्या अभ्यासिकांमध्ये ड्यूटी उरकून आलेले इंटर्न पहिल्या वर्षाची पुस्तकं पुन्हा उघडून बसतात. हा विसराळूपणा विद्यार्थ्यांचा असतोच. पण त्यातला बराचसा वेळापत्रकाने लादलेला आहे, आणि त्या वेळापत्रकाला इतिहास आहे.

पुण्यात आधुनिक वैद्यकाचं शिक्षण ससून रुग्णालयाच्या आसऱ्याने वाढलं. रुग्णालय 1867 मधलं, बैरामजी जीजीभॉय मेडिकल स्कूल 1878 मधलं. त्या स्कूलमधून पदवीधर नव्हे, परवानाधारक डॉक्टर बाहेर पडत. 1946 मध्ये आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने देशभर एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर घडवावा असं सुचवलं आणि त्याच वर्षी बी. जे.चं कॉलेज झालं. 1948 मध्ये लष्कराचं वैद्यकीय महाविद्यालय, एएफएमसी, आलं. आधी पायाभूत विषय, मग रुग्ण, ही पाश्चात्त्य विद्यापीठांची विभागणी पदवीबरोबर पक्की झाली.

अ‍ॅनॅटॉमीचा इतिहास अर्थातच फार जुना. सुश्रुतसंहितेत मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजवायचा आणि मग वाळ्याच्या वगैरे कुंच्याने थर खरवडत पाहायचा, अशी पद्धत दिली आहे. पुढे हा हात सुटला. आधुनिक शवविच्छेदन भारतात परत आलं ते 1836 मध्ये, कलकत्त्याला, मधुसूदन गुप्तांच्या हातून. 1893 मध्ये फॉर्मॅलिनचा गुण कळला आणि देह महिनोन्महिने टिकू लागला. मुंबई प्रांतात 1949 च्या अ‍ॅनॅटॉमी कायद्याने बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची सोय झाली. आता स्वेच्छेने केलेल्या देहदानाचाही आधार आहे.

आज विद्यार्थी उजळणी करतो ती मात्र देहावर नाही, चित्रांवर. इथे एका माणसाची आठवण काढायलाच हवी. 1858 मध्ये लंडनला निघालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनॅटॉमी’मधली चित्रं हेन्री वॅन्डाइक कार्टरने काढली. आधीच्या बहुतेक पुस्तकांत स्नायूवर किंवा नसेवर फक्त अक्षर छापलेलं असे आणि नाव खालच्या यादीत शोधावं लागे. कार्टरच्या चित्रांत नाव थेट त्या अवयवावरच आलं. वाचणाऱ्याची नजर एकाच जागी राहिली. पाठांतराला याहून मोठी मदत दुसरी नसेल! मोबदला म्हणून त्याला एकरकमी 150 पौंड मिळाले. प्रतींमागचा हिस्सा पुस्तकाचा लेखक हेन्री ग्रे याच्याकडे गेला. पुस्तक निघालं तेव्हा कार्टर मुंबईत होता. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने अ‍ॅनॅटॉमी शिकवली आणि नंतर साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षं काढली. मुखपृष्ठावर मात्र आपल्याला ग्रे एवढंच दिसतं.

फार्मॅकॉलॉजी त्या मानाने कालची. 1847 मध्ये रुडॉल्फ बुखहाइमने डोरपाटला (आजच्या एस्टोनियातलं तार्तू) या विषयाची पहिली संस्था काढली. तोवर विद्यार्थी ‘मटेरिया मेडिका’ घोकत, म्हणजे कुठलं मूळ, कुठला क्षार, किती मात्रा. भारतात रामनाथ चोप्रांनी 1921 पासून कलकत्त्यात हा विषय उभा केला. सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम रुस्तम वकिलांनी मुंबईतून 1949 मध्ये जगापुढे मांडला. पुण्याच्या वेशीवर पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पेनिसिलिन इथेच बनू लागलं. विषय फुगत गेला तो या काळापासून. शरीरात नवीन हाड निघत नाही. औषधांचे नवे गट मात्र निघतच राहतात.

जुन्या डॉक्टरांना फार्मॅकचं प्रॅक्टिकल म्हटलं की कायमोग्राफ, म्हणजे स्नायूची हालचाल रेघेत उतरवणारं यंत्र, आठवतो. काजळी धरलेल्या कागदाचा ड्रम फिरायचा, बेडकाचा स्नायू आखडला की सुई काळ्यावर पांढरी रेघ ओढायची आणि मग तो कागद लाखेच्या द्रावणात बुडवून वाळत टाकायचा. बोटं काळी व्हायची, पण स्नायू आखडवणारं अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन काय करतं हे एकदा रेघेत पाहिलं की विसरायला होत नसे. प्राण्यांवरचे हे प्रयोग पदवीच्या अभ्यासक्रमातून गेले आणि त्यांची जागा संगणकावरच्या नकली प्रयोगांनी घेतली. बेडकांच्या दृष्टीने बरंच झालं.

खरी कात्री लागली 1997 मध्ये. त्याआधी पहिलं एमबीबीएस दीड वर्षाचं होतं. नव्या नियमांनी ते एक वर्षाचं झालं. 2019 पासूनच्या क्षमताधिष्ठित (काय करता येतं यावर बेतलेल्या) अभ्यासक्रमात दुसरा टप्पाही दीड वर्षावरून सुमारे वर्षभरावर आला आणि फार्मॅकचे तास 300 वरून 230 झाले. यादी वाढली आणि वेळ घटला. परीक्षाही बदलली. दीर्घोत्तरी पेपरची तयारी एका विषयापुरती होई. पीजीची प्रवेश परीक्षा 19 विषय एकाच दिवशी विचारते, चुकीला गुण कापते. पहिल्या वर्षी शिकलेलं पाचव्या वर्षी तोंडपाठ असावं, ही अपेक्षा तिथून आली.

पुन्हा वाचताना हे दोन विषय वेगळे ठेवले की घोळ होतो. बोटाला टाके घालताना बधिर करणाऱ्या लिग्नोकेनमध्ये रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनॅलिन मिसळू नका, बोटाच्या धमन्या आकसतील, बोट काळं पडेल, हे पिढ्यानपिढ्या शिकवलं गेलं. धमन्या तेव्हा होत्या तिथेच आज आहेत. पण बोटं गमावल्याच्या जुन्या नोंदी बहुतांश प्रोकेनसारख्या बधिर करणाऱ्या आधीच्या औषधांच्या काळातल्या होत्या, आणि हाताच्या शस्त्रक्रिया करणारे अनेक सर्जन आता हेच मिश्रण बेधडक वापरतात. अ‍ॅड्रिनॅलिनचा परिणाम उलटवायची वेळ आलीच तर फेंटोलामिन हे औषध हाताशी असतं. पुण्याच्या पुस्तकबाजारातून, अप्पा बळवंत चौकातून, जुनी, स्वस्तातली आवृत्ती घ्यायची असेल तर अ‍ॅनॅटॉमीची खुशाल घ्यावी. फार्मॅकची ताजीच बघावी.