बेळगाव सीमाभागात टेक्नॉलॉजीतून गणित शिकवणं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यातल्या मराठी शाळांत मोबाईल, प्रोजेक्टर आणि जिओजेब्रासारखी (पडद्यावर आकृत्या काढून हलवता येणारी) सॉफ्टवेअर वापरून गणित शिकवणं आणि त्यासाठी मास्तरांची तयारी करणं, असा हा विषय. महसुली जिल्हा एकच, पण शिक्षण खात्याचे बेळगाव आणि चिकोडी असे दोन जिल्हे. पुस्तक मराठी पण कर्नाटकचं, ट्रेनिंग बहुतेक कन्नडमधून, आणि युट्यूबवर मराठीत सापडतात ते व्हिडिओ जास्त करून महाराष्ट्राच्या पुस्तकाचे, म्हणजे धड्यांचा क्रम जुळेलच असं नाही, त्यामुळं इथल्या मास्तराला नुसता व्हिडिओ लावून मोकळं होता येत नाही.

जिओजेब्रा मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ ला साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलं. शाळेला फुकट, आणि एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही, खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात नेट गेलं तरी हे फार सोयीचं. त्रिकोणाचा शिरोबिंदू बोटानं ओढला की तिन्ही कोन बदलतात, बेरीज १८० च राहते. पण कोन पूर्ण अंशात दाखवायला लावले तर ५९.६, ६०.६ आणि ५९.८ चे ६०, ६१, ६० दिसतात, मग मागच्या बाकावरनं आवाज येतो, "सर, एकशे एक्याऐंशी आलं की ओ!" इथं सेटिंगमधे दशांश वाढवणं सोपं, पण आसन्न किंमत (जवळच्या पूर्ण आकड्यात लिहिलेली किंमत) म्हणजे काय ते त्याच मिनिटाला समजावता आलं पाहिजे, आणि खरी तयारी ती. विषय येणं वेगळं आणि तो शिकवता येणं वेगळं हे शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ ला मांडलं, त्यात मिश्रा आणि कोहलर या अभ्यासकांनी २००६ ला टेक्नॉलॉजीची भर घातली, त्याला टीपॅक (TPACK, म्हणजे टेक्नॉलॉजी, शिकवणं आणि विषय या तिन्हींचं एकत्र ज्ञान) म्हणतात. बटणं कुठं दाबायची एवढंच सांगणारं ट्रेनिंग म्हणूनच अपुरं पडतं.

सीमाभागातली खास गंमत आकड्यांची. ४७ ला मराठीत सत्तेचाळीस, सात आधी. कन्नडमधे नलवत्तेळु, चाळीस आधी. घरात एक, बाजारात दुसरं, मग पोरगं सत्तेचाळीस ऐकून ७४ लिहितं. महाराष्ट्रात २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस सात' पद्धत आली तर केवढा गोंधळ झाला, इथली पोरं तसलंच कन्नडमधे रोज ऐकतात! याला भारी सॉफ्टवेअर नको, मास्तरांनी फोनवर दोन्ही भाषांत आकडे रेकॉर्ड करून ऐकवले आणि पाटीवर लिहायला लावले की कोण कुठं उलटं करतंय ते दहा मिनिटात दिसतं.