पेटाबाईट आणि त्याच्या पुढची मापं

जीबी-टीबी आता घरोघरी माहितीये, मोबाईल घेताना १२८ घ्यावा का २५६ यावर अर्धा तास जातो, पण त्याच्या वर पेटाबाईट, एक्झाबाईट, झेटाबाईट, योटाबाईट अशी शिडी आहे, दर पायरीला हजारपट, आणि तिथं डोकं चालायचं बंद होतं. नावांची टंचाई आपल्याकडं तशी कधीच नव्हती. भास्कराचार्यांच्या लीलावतीतली यादी परार्धापर्यंत जाते, म्हणजे एकावर १७ शून्यं, त्या हिशेबानं टेराबाईट म्हणजे महापद्म बाईट, पेटाबाईट म्हणजे अंत्य आणि एक्झाबाईट झाला दहा परार्ध. झेटाला मात्र ती यादी तोकडी पडते.

शून्यं मोजून काही हाती लागत नाही, त्यापेक्षा फोटो मोजा. एक फोटो ५ एमबीचा धरला तर १ पेटाबाईटमध्ये २० कोटी फोटो बसतात, रोज १०० काढत बसलात तरी साडेपाच हजार वर्षं लागतील.

खरं उदाहरण कृष्णविवराच्या पहिल्या फोटोचं. २०१७ च्या एप्रिलमध्ये जगभरातल्या आठ दुर्बिणींनी मिळून निरीक्षणं घेतली, डेटा झाला साधारण ५ पेटाबाईट, आणि तो इंटरनेटवरून पाठवलाच नाही! १०० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटच्या (आठ बिटांचा एक बाईट) लाईननं एवढा डेटा जायला साडेबारा वर्षं लागली असती, म्हणून सरळ हार्ड डिस्क खोक्यात भरून विमानानं नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या, विमानच उतरत नाही ना तिथं. फोटो आला २०१९ मध्ये.

आता नेहमीची तक्रार, १ टीबीची डिस्क विंडोजला लावली की ९३१ जीबीच दिसते. कोणी फसवलेलं नसतं, कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. किलोला हा फरक २.४ टक्केच असतो, टेराला १० टक्के होतो, योटाला जवळपास २१. हा घोळ मिटवायला १९९८ मध्ये १०२४ वाल्या मापांना किबीबाईट, टेबीबाईट अशी वेगळी नावं दिली, पण दुकानात ती कोण म्हणतंय.

योटाच्याही वर २०२२ च्या नोव्हेंबरात रोना आणि क्वेटा आले, क्वेटा म्हणजे एकावर ३० शून्यं. त्याआधी काही लोक ब्राँटोबाईट, हेलाबाईट अशी घरगुती नावं चालवत होते, ती राहिली बाहेरच.