पिक्सार आणि डिस्नी यांच्या फारकतीची पार्श्वभूमी

29 जानेवारी 2004 रोजी संगणकावर अॅनिमेशनपट बनवणाऱ्या पिक्सारने आपली वितरक डिस्नी हिच्याबरोबर दहा महिने चाललेल्या वाटाघाटी संपवल्याचे जाहीर केले. या भागीदारीतून तोवर पाच चित्रपट आले होते आणि त्यांनी जगभरच्या तिकीटबारीवर मिळून 250 कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली होती. असा जम बसलेला संसार का मोडावा, हे अनेकांना कळेना. म्हणून बातम्यांतून सगळा दोष पिक्सारचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स आणि डिस्नीचे प्रमुख मायकेल आयझनर यांच्या स्वभावांवर गेला. स्वभावांचा वाटा होताच. तरीही या फारकतीचे मूळ मी 1991च्या करारात मानतो, आणि तो करार कोणत्या परिस्थितीत झाला हे पाहिल्याशिवाय पुढचे काहीच नीट उलगडत नाही.

पिक्सार हा मुळात लुकासफिल्म या चित्रपटनिर्मिती कंपनीच्या संगणक विभागातला एक गट. एड कॅटमल आणि अॅल्वी रे स्मिथ यांनी उभा केलेला हा गट जॉब्स यांनी 1986 मध्ये 50 लाख डॉलरांना घेतला आणि तेवढेच भांडवल त्यात घातले. चित्रांवर प्रक्रिया करणारे महागडे संगणक विकणे हा कंपनीचा व्यवसाय होता आणि डिस्नी तिची महत्त्वाची ग्राहक होती. हाताने काढलेली चित्रे संगणकावर रंगवण्याची प्रणाली दोघांनी मिळून विकसित केली होती. संगणकांची विक्री मात्र कधीच पुरेशी झाली नाही आणि तोटा जॉब्स स्वतःच्या पैशातून भरत राहिले. कंपनीचे नाव टिकून होते ते जॉन लॅसेटर यांच्या लघुपटांमुळे. डिस्नीने नोकरीवरून काढून टाकलेल्या या अॅनिमेटरच्या ‘टिन टॉय’ला ऑस्कर मिळाल्यावर डिस्नीने त्यांना परत बोलावून पाहिले, ते गेले नाहीत, तेव्हा डिस्नीने पिक्सारशीच करार करण्याचा मार्ग धरला.

हा करार तीन चित्रपटांचा होता. निर्मितीचा खर्च डिस्नी करणार, चित्रपट आणि त्यातली पात्रे डिस्नीच्या मालकीची राहणार, पुढचे भाग काढायचे की नाही हेही डिस्नीच ठरवणार आणि पिक्सारला उत्पन्नातला एक लहान हिस्सा मिळणार, असे त्याचे स्वरूप होते. आज हे एकतर्फी वाटते. पण तेव्हा संपूर्ण लांबीचा संगणकनिर्मित चित्रपट जगात कोणीही केलेला नव्हता आणि जोखीम खरोखरच डिस्नीची होती. नोव्हेंबर 1993 मध्ये ‘टॉय स्टोरी’ची तयार झालेली रीळे पाहून डिस्नीने काम थांबवले आणि कथा नव्याने बांधल्यावरच ते पुन्हा सुरू झाले. गरजवंत पिक्सारने मालकी सोडून दिली होती, आणि पुढची सगळी कटुता त्या सोडलेल्या मालकीभोवती साठत गेली.

22 नोव्हेंबर 1995 रोजी ‘टॉय स्टोरी’ प्रदर्शित झाला आणि आठवडाभरातच पिक्सारचे समभाग बाजारात येऊन कंपनीकडे सुमारे 14 कोटी डॉलर जमा झाले. जॉब्स यांनी ही वेळ मुद्दाम साधली होती, कारण स्वतःचा पैसा असल्याशिवाय निर्मितीखर्चाचा अर्धा भार उचलता येत नव्हता आणि भार उचलल्याशिवाय अर्धा नफा मागता येत नव्हता. फेब्रुवारी 1997 मध्ये जुना करार बाजूला ठेवून नवा झाला: पाच चित्रपट, खर्च आणि नफा निम्मानिम्मा, जाहिरातींत दोन्ही नावांना सारखे स्थान, आणि वाटणीआधी डिस्नीला वितरणशुल्क. पात्रांवरचे आणि पुढच्या भागांवरचे अंतिम नियंत्रण मात्र डिस्नीकडेच राहिले. शिवाय पुढचे भाग पाच चित्रपटांच्या मोजणीत धरायचे नाहीत, असेही एक कलम होते.

त्या कलमाचा चटका ‘टॉय स्टोरी 2’ने दिला. घरी पाहण्याच्या व्हिडिओसाठी म्हणून सुरू झालेले हे काम चित्रपटगृहांत नेण्याचा निर्णय मध्येच झाला, आणि प्रदर्शनाला जेमतेम नऊ महिने उरले असताना लॅसेटर यांनी कथा जवळजवळ पहिल्यापासून मांडली. त्या काळात कर्मचाऱ्यांपैकी एक तृतीयांश लोकांना हातांचे दुखणे जडले, असे कॅटमल यांनी पुढे लिहिले आहे. चित्रपटाने पहिल्या भागापेक्षा अधिक कमाई केली. एवढे करूनही, हा पुढचा भाग असल्यामुळे पाचांत मोजला जाणार नाही, या भूमिकेवर डिस्नी ठाम राहिली. कराराच्या शब्दांनुसार ती बरोबर होती. पण ज्यांचे हात त्या कामात झिजले त्यांना हा हिशेब कसा वाटला असेल, याचा विचार तिने करायला हवा होता, असे मला मनापासून वाटते.

यानंतर संबंध झपाट्याने बिघडले. फेब्रुवारी 2002 मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर बोलताना आयझनर यांनी अॅपलच्या जाहिराती बेकायदा प्रती काढण्याला उत्तेजन देतात अशी टीका केली आणि अॅपलचेही प्रमुख असलेले जॉब्स दुखावले. त्याच वर्षी आयझनर यांनी ‘फाइंडिंग निमो’चा अपुरा भाग पाहून, हा आधीच्या चित्रपटांइतका चांगला नाही, असे संचालक मंडळाला कळवले, पिक्सारचा पडता काळ डिस्नीला वाटाघाटींत उपयोगी पडेल, अशी त्यामागची अपेक्षा होती. मे 2003 मध्ये आलेल्या ‘निमो’ने अमेरिकेतच सुमारे 34 कोटी डॉलर मिळवले. आता जॉब्स यांची मागणी सरळ होती: चित्रपट आमच्या पैशाने, मालकी आमची, वितरकाला फक्त शुल्क. जुन्या करारात उरलेले ‘द इन्क्रेडिबल्स’ आणि ‘कार्स’ हे दोन्ही चित्रपटही नव्या अटींत आणावेत, असा त्यांचा आग्रह होता. हाती असलेल्या दोन चित्रपटांचा अर्धा नफा सोडणे आयझनर यांना मान्य होणे शक्य नव्हते.

फारकत जाहीर झाली तेव्हा आयझनर स्वतःच्या कंपनीतही अडचणीत होते. वॉल्ट डिस्नी यांचे पुतणे रॉय डिस्नी यांनी नोव्हेंबर 2003 मध्ये संचालकपद सोडून त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली होती, आणि मार्च 2004च्या फिलाडेल्फिया येथील भागधारकांच्या सभेत 43 टक्के मते त्यांना नाकारली गेल्यावर अध्यक्षपद जॉर्ज मिचेल यांच्याकडे गेले. दरम्यान डिस्नीने आपल्या हक्काचा वापर करून पिक्सारच्या पात्रांचे पुढचे भाग काढण्यासाठी ‘सर्कल सेव्हन’ हा स्वतंत्र स्टुडिओ उघडला. कायद्याने त्यात काही वावगे नव्हते; पिक्सारमध्ये मात्र, आपली मुले परक्या घरी वाढणार, या भावनेने लोक हळहळले.

ऑक्टोबर 2005 मध्ये आयझनर यांच्या जागी बॉब आयगर डिस्नीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. हाँगकाँगच्या डिस्नीलँडच्या उद्घाटनाची मिरवणूक पाहताना, गेल्या दहा वर्षांतली लोकप्रिय पात्रे जवळपास सगळी पिक्सारचीच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले होते. वितरणाचा तिसरा करार करण्याऐवजी त्यांनी पिक्सार कंपनीच विकत घेण्याचा प्रस्ताव मांडला. 24 जानेवारी 2006 रोजी 740 कोटी डॉलरांच्या समभागांचा हा व्यवहार जाहीर झाला आणि डिस्नीच्या अॅनिमेशनची सूत्रे कॅटमल व लॅसेटर यांच्या हाती आली. त्याच वर्षी ‘सर्कल सेव्हन’ बंद करण्यात आला. तिथे तयार झालेली ‘टॉय स्टोरी 3’ची संहिता बाजूला ठेवली गेली, आणि 2010 मध्ये आलेला तिसरा भाग पिक्सारच्या माणसांनी नव्याने लिहिला.