इतिहासजमा झालेली बस रचना आणि आपल्या घरातले वाय-फाय

संगणकांच्या जाळ्यावरचा धडा कोणत्याही पुस्तकातला असो, त्यात ठरलेल्या आकृत्या हमखास असतात. एका सरळ तारेवर ओळीने जोडलेले संगणक म्हणजे बस, वर्तुळात जोडलेले म्हणजे रिंग, मधल्या एका पेटीला येऊन मिळणारे म्हणजे स्टार, प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडणी म्हणजे मेश, आणि फांद्या फुटत गेलेली ती ट्री. आकृत्यांखाली फायदे-तोटे दिलेले असतात, विद्यार्थी ते पाठ करतात, आणि बस रचनेबद्दल ती आता वापरात नाही असे त्यांना सांगितले जाते. कार्यालयातल्या तारांपुरते हे खरे आहे. मात्र ज्या घरात वाय-फाय आहे, त्या घरात बस रचना आजही अहोरात्र चालू असते, आणि मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत असतानाही व्हिडिओ मध्येच का अडकतो, याचे एक मोठे कारण या रचनेच्या स्वभावात आहे.

टोपोलॉजी, म्हणजे जाळ्याची रचना, या एका शब्दात दोन वेगळे प्रश्न मिसळले जातात. तारा कुठून कुठे गेल्या आहेत हा पहिला प्रश्न, आणि एकाने पाठवलेला संदेश कोणाकोणापर्यंत पोहोचतो हा दुसरा. आकृती पहिल्याचेच उत्तर देते. १९९०च्या दशकातल्या कार्यालयांत सगळ्या केबली भिंतीवरच्या एका हबला येऊन मिळत, म्हणजे दिसायला रचना स्टारची होती. परंतु एका केबलीतून आलेला संदेश हब उरलेल्या सगळ्या केबलींत जसाच्या तसा सोडत असे आणि दोघांनी एकाच वेळी संदेश पाठवले तर ते एकमेकांवर आदळत, म्हणजे वागणूक पूर्णपणे बसची होती. हबच्या जागी स्विच आला, तो संदेशावरचा पत्ता वाचून ज्याचा संदेश त्यालाच देऊ लागला, आणि स्टार रचना वागणुकीनेही स्टार झाली. घरातला वाय-फाय राउटर मध्यभागी असतो, सगळी यंत्रे त्याच्याशीच बोलतात, म्हणून आपण त्याला स्टार समजतो. पण या यंत्रांमधले माध्यम एकच आहे, आणि ते सर्वांच्या सामाईक मालकीचे आहे.

सामाईक माध्यमावर कोणी, केव्हा बोलावे हा प्रश्न प्रथम तारेवर नव्हे, हवेतच सोडवला गेला. अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनले, म्हणजे दुरून संगणक वापरण्याची यंत्रे, होनोलुलूतल्या मुख्य संगणकाशी रेडिओने जोडली. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. त्याचा नियम अत्यंत साधा होता: पाठवायचे असेल तेव्हा पाठवा, पोच आली नाही, तर संदेशाची टक्कर झाली असे समजून काही यादृच्छिक काळ थांबा आणि पुन्हा पाठवा. एक संदेश पाठवायला जितका वेळ लागतो, त्याच्या दुप्पट काळात दुसऱ्या कोणीही बोलायला सुरुवात केलेली चालत नाही, कारण आपल्या थोडे आधी सुरू झालेला संदेशही आपल्या संदेशाच्या सुरुवातीवर आदळतो. यावरून गणित मांडले तर अशा जाळ्याची उपयुक्त क्षमता फार तर १८.४ टक्के निघते. उरलेला वेळ शांततेत किंवा टकरीत जातो.

अब्रामसन यांचे हे काम वाचून रॉबर्ट मेटकाफ यांनी ते तारेवर आणले. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात २२ मे १९७३ रोजी त्यांनी लिहिलेल्या टिपणात इथरनेट हे नाव आले. प्रकाशाला वाहून नेणारे, सर्वत्र भरलेले ‘ईथर’ नावाचे द्रव्य आहे अशी एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राची समजूत होती. ती चुकीची ठरली, पण सर्वांना जोडणाऱ्या निष्क्रिय माध्यमाला ते नाव शोभून दिसले. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभारलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता, आणि त्यात अलोहाच्या नियमाला दोन सुधारणा जोडलेल्या होत्या. बोलण्याआधी ऐका, आणि बोलत असतानाही ऐकत राहा. तारेवर शांतता असेल तरच संदेश सोडायचा, आणि आपण सोडलेला संकेत तारेवर जसाच्या तसा दिसतो आहे ना हे पाहत राहायचे. तो बिघडलेला दिसला तर टक्कर झाली असे समजून तत्काळ थांबायचे.

इथे एक सुंदर अडचण उभी राहते, आणि संगणकांच्या जाळ्यातले माझे सर्वांत आवडते गणित तिच्यातून निघते. ऐकून बोलले तरी टक्कर का व्हावी? कारण विद्युतसंकेताला तारेतून जायला वेळ लागतो. तारेच्या एका टोकाच्या संगणकाने बोलायला सुरुवात केली, तरी ती बातमी दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तिकडच्या संगणकाला तार शांतच वाटते. संकेत पोहोचण्याच्या क्षणभर आधी त्याने बोलायला सुरुवात केली, तर टक्कर त्याच्या दारात होते, आणि ती झाल्याची बातमी पहिल्या संगणकापर्यंत उलटी यावी लागते. म्हणजे टक्कर कळायला, वाईटात वाईट परिस्थितीत, जाऊन-येऊन लागणारा पूर्ण वेळ जातो. आता समजा पहिल्याचा संदेश फारच छोटा, १० बाइटांचा, म्हणजे ८० बिटांचा आहे. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने तो ८ मायक्रोसेकंदांत पाठवून संपतो. टकरीची बातमी परत येईल तेव्हा पाठवणारा गप्प झालेला असतो आणि संदेश सुखरूप गेला अशा समजुतीत असतो.

यावर इथरनेटने काढलेला उपाय असा की कोणीही इतके थोडके बोलायचे नाही. १० मेगाबिटांच्या इथरनेटमध्ये दोन संगणकांमधले अंतर, मधल्या रिपीटरांसह (क्षीण झालेला संकेत पुन्हा ताकदीने पुढे सोडणाऱ्या पेट्यांसह), जास्तीत जास्त २५०० मीटर ठेवले गेले, आणि तारेतला प्रवास, रिपीटरांचा विलंब व इतर सवलत धरून जाण्यायेण्याच्या काळाची मर्यादा ५१.२ मायक्रोसेकंद ठरली. तेवढ्या वेळात त्या वेगाने ५१२ बिट, म्हणजे ६४ बाइट पाठवले जातात. म्हणून इथरनेटची फ्रेम, म्हणजे तारेवर एका वेळी सोडलेला पूर्ण संदेश, ६४ बाइटांपेक्षा लहान असता कामा नये. ‘हा आयपी पत्ता कोणाचा आहे?’ असे जाळ्यात विचारणारा एआरपी संदेश अवघा २८ बाइटांचा असतो. फ्रेममधल्या मजकुराची किमान लांबी ४६ बाइट असल्यामुळे त्याला १८ निरर्थक बाइट जोडून पाठवावे लागते. आजच्या स्विचच्या जाळ्यात टक्कर होतच नाही, तरीही हे १८ बाइट आजही जोडले जातात. अडीच किलोमीटर तारेतल्या विजेच्या वेगाचे ते गणित आपल्या प्रत्येक संगणकात असे शिल्लक राहिले आहे.

टक्कर कळल्यावर काय करायचे, हा भाग त्याहून देखणा आहे. दोघेही ठरावीक वेळ थांबले तर पुन्हा एकाच वेळी बोलतील, म्हणून प्रत्येकाने आपापला आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा. पहिल्या टकरीनंतर ० किंवा १ यांतला एक; तितके ५१.२ मायक्रोसेकंदांचे कालखंड थांबायचे. दोघांनी सारखाच आकडा निवडण्याची शक्यता निम्मी. पुन्हा टक्कर झाली तर ० ते ३ यांतला आकडा, शक्यता पाव. नंतर ० ते ७, शक्यता एक अष्टमांश. म्हणजे दोनच संगणक बोलू पाहत असतील, तर पहिल्या टकरीनंतर त्यांची सलग आणखी तीन वेळा टक्कर होण्याची शक्यता चौसष्टात एक इतकी खाली येते. दहाव्या टकरीपर्यंत ही कक्षा दुप्पट होत ० ते १०२३ पर्यंत जाते, आणि सोळा प्रयत्न फसले तर संगणक तो संदेश सोडून देतो. तारेवर किती जण बोलण्यासाठी ताटकळत आहेत हे कोणालाही ठाऊक नसते, ते मोजणारा मध्यवर्ती अधिकारीही नसतो. तरीही आपल्या वाट्याला आलेल्या टकरींवरून प्रत्येकाला गर्दीचा अंदाज येतो आणि गर्दी वाढली की प्रत्येक जण आपोआप अधिक थांबतो.

तारेच्या बसला मात देणारी गोष्ट टक्कर नव्हती, तर तार स्वतः होती. को-ॲक्सियल केबलीच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लागत, म्हणजे टोकावर आदळून संकेत उलटा फिरत नसे; त्यातला एक निघाला किंवा मधला एक जोड सैल झाला, की त्या केबलीवरचे सगळे जाळे बंद पडे, आणि दोष शोधण्यासाठी टेबलाखाली शिरून एकेक जोड तपासावा लागे. १९९० मध्ये पीळ दिलेल्या जोडतारांवरचे इथरनेट प्रमाणित झाले आणि प्रत्येक संगणकाला स्वतःची केबल मिळाली. पिळाची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या १८८१च्या पेटंटातली आहे: दोन्ही तारांत उलटसुलट संकेत सोडायचे आणि फक्त त्यांच्यातला फरक मोजायचा, म्हणजे पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडलेला बाहेरचा गोंगाट वजाबाकीत नाहीसा होतो. रिंग रचनेत आयबीएमने १९८५ मध्ये आणलेले टोकन रिंग गाजले. टोकन म्हणजे रिंगमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे फिरणारा बोलण्याचा परवाना; ज्याच्या हाती टोकन त्यानेच बोलायचे, म्हणून तिथे टक्कर नव्हती, पण स्वस्त इथरनेटपुढे ते टिकले नाही. पूर्ण मेशला १० संगणकांसाठी ४५ तारा लागतात, एवढे सांगितले की ती रचना कार्यालयात का दिसत नाही हे कळते.

१९९७ मध्ये वाय-फायचे पहिले मानक आले आणि माध्यम पुन्हा सामाईक झाले, मात्र या वेळी एक हत्यार निकामी होऊन. वाय-फायचे यंत्र बोलत असताना ऐकू शकत नाही. राउटर साधारण १०० मिलिवॉट शक्तीने संकेत सोडतो, आणि समोरून येणारा चांगला संकेतही त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत मिलिवॉटच्या एक कोटीव्या भागाइतका क्षीण झालेला असतो. स्वतःचा आवाज ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा १०० कोटी पट मोठा. मिरवणुकीत ढोल बडवणाऱ्याला समोरच्या गच्चीवरची कुजबुज ऐकू यावी, तशी ही अपेक्षा आहे. त्यामुळे वाय-फायला टक्कर ओळखण्यापेक्षा ती टाळण्यावर भर द्यावा लागतो. हवा शांत झाली की लगेच बोलायचे नाही. ५ गिगाहर्ट्झच्या मूळ नियमानुसार ३४ मायक्रोसेकंद थांबायचे, मग ० ते १५ यांतला यादृच्छिक आकडा घेऊन ९ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी उलटे मोजायचे, मध्येच दुसरा कोणी बोलू लागला तर मोजणी गोठवायची, आणि पाठवल्यावर पोच न आल्यास आकड्यांची कक्षा दुप्पट करायची. हवाई बेटांवरची ती पोच इथे परत आली आहे.

तरीही एक टक्कर टळत नाही. डोंगराच्या सोंडेच्या दोन बाजूंना दोन वाड्या असाव्यात आणि सोंडेवर एक माणूस उभा असावा, तर त्याला दोन्हींकडच्या हाका ऐकू येतात, पण वाड्यांना एकमेकींच्या येत नाहीत. घरात दिवाणखान्यातल्या राउटरला शेजघरातला लॅपटॉप आणि स्वयंपाकघरातला मोबाइल दोघेही ऐकू येतात, मधल्या भिंतींमुळे त्या दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो, आणि दोघेही हवा शांत समजून एकदमच बोलतात. क्लाइनरॉक आणि टोबागी या संशोधकांनी १९७५ मध्येच या लपलेल्या टर्मिनलाचा प्रश्न मांडला होता.

शिवाय, या पद्धतीत प्रत्येकाला बोलण्याची संधी सारखी मिळते, वेळ सारखा मिळत नाही. १५०० बाइटांचा संदेश राउटरजवळचा लॅपटॉप सेकंदाला ३०० मेगाबिट वेगाने ४० मायक्रोसेकंदांत पाठवतो. गॅलरीच्या टोकाचा जुना मोबाइल ६ मेगाबिटांनी तोच संदेश पाठवायला २ मिलिसेकंद, म्हणजे पन्नास पट वेळ हवा अडवतो. आणि ही बस तुमच्या घराच्या भिंतींशी थांबत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्याचे भाग, १, ६ आणि ११ हे तीनच आहेत, म्हणून वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत वरच्या-खालच्या घरांचे राउटरही तुमच्याच बसवर बसलेले असतात. मोबाइलवरच्या रेघा राउटरचा आवाज किती स्पष्ट येतो तेवढेच सांगतात. किती जण रांगेत आहेत हे त्या सांगत नाहीत. राउटरच्या खोक्यावर छापलेला ३००० हा आकडा दोन वेगवेगळ्या पट्ट्यांच्या कमाल वेगांची बेरीज असतो, आणि एका वेळी एकाच पट्ट्यावर असलेल्या मोबाइलला तो मिळणे शक्य नसते.

याच लहरींची भीती दाखवून बाजारात चिकटपट्ट्या आणि चकत्या विकल्या जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी मोबाइलचा किरणोत्सर्ग कमी करणारी म्हणून शेणाची चिप सादर केली, तेव्हा देशातल्या अनेक वैज्ञानिकांनी त्यामागच्या प्रयोगाचा पुरावा जाहीरपणे मागितला, आणि तसा मागणे हे त्यांचे कर्तव्यच होते. वाय-फायच्या लहरी अणूमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याइतक्या ऊर्जेच्या नसतात. एखाद्या चकतीने त्या खरोखर अडवल्या, तर मोबाइलचे राउटरशी बोलणेही तितकेच अडेल, आणि यंत्र आपली शक्ती वाढवून ती कसर भरून काढू पाहील.

घरापर्यंत आलेल्या फायबरची रचना पाहिली तर सामाईक माध्यमाची ही गोष्ट आणखी एक वळण घेते. जीपॉन नावाच्या पद्धतीत इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीच्या केंद्रातून निघालेला काचेचा एक तंतू वाटेत विजेशिवाय चालणाऱ्या विभाजकाने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. दिसायला ही ट्री आहे. पण घरांकडून केंद्राकडे जाणारा प्रकाश त्या एकाच तंतूत येऊन मिळतो, म्हणजे इथेही दोन घरे एकदम बोलली तर टक्कर ठरलेली. इथे चिठ्ठ्या टाकल्या जात नाहीत, केंद्र प्रत्येक घराला बोलण्याची वेळ नेमून देते. त्यासाठी ते आधी प्रत्येक घराला हाक देऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजते. काचेतून प्रकाशाला किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून २० किलोमीटरवरच्या घराचे उत्तर निव्वळ प्रवासाच्या हिशेबाने २०० मायक्रोसेकंदांनी येते आणि २०० मीटरवरच्या घराचे २ मायक्रोसेकंदांत. मग केंद्राजवळच्या घराला सुमारे १९८ मायक्रोसेकंद जास्तीचे थांबायला सांगितले जाते, आणि त्यानंतर केंद्राच्या दृष्टीने सगळी घरे सारख्याच अंतरावर येतात.